सक्करदऱ्यातील एक ‘डिजिटल’ अभ्यासिका: खुर्चीचे पैसे वसूल होतात, पण जायचे ते रविवारच्या तपासणीसाठी

नागपुरातील सक्करदरा, हनुमाननगर, रेशीमबाग आणि मेडिकल चौक या पट्ट्यात आता दर दोन गल्ल्यांआड एक अभ्यासिका दिसते. जिथे पूर्वी टाइल्सचे किंवा शिलाई मशीनचे दुकान असायचे त्या गाळ्यात प्लायवुडचे कप्पे उभे राहतात, प्रत्येक कप्प्याला एक दिवा आणि एक चार्जिंगची जागा मिळते, आणि बाहेर ‘फुल एसी, हायस्पीड वायफाय, सीसीटीव्ही’ असा फलक लागतो. मुले तिला लायब्ररी म्हणतात, जरी आत पुस्तकांचे एकही कपाट नसले तरी. अशाच एका अभ्यासिकेत मी फेब्रुवारीपासून उन्हाळा संपेपर्यंत जागा घेतली होती आणि हे परीक्षण तिचे आहे. नाव मुद्दाम देत नाही, कारण तिच्यात ज्या उणिवा आहेत त्या शेजारच्या चार ठिकाणीही आढळतात, आणि एकीचेच नाव घेऊन दोष देणे न्यायाचे होणार नाही.

मी कनिष्ठ महाविद्यालयात भौतिकशास्त्र शिकवते. बारावीच्या वर्गात जेवढी मुले समोर बसतात त्याहून अधिक मुले या अशा कप्प्यांमध्ये बसून माझाच विषय दुसऱ्या कोणाकडून तरी शिकत असतात, हे मला ऐकून माहीत होते आणि पाहायचे होते. दुसरे कारण अधिक व्यावहारिक होते. ‘स्वयम्’ या सरकारी ऑनलाइन मंचावरचा, आयआयटींच्या एनपीटीईएल या उपक्रमाचा बारा आठवड्यांचा एक अभ्यासक्रम मी घेतला होता आणि घरी, टीव्ही, पाहुणे आणि कुकरच्या शिट्ट्या यांच्यामध्ये, तो पुढे सरकत नव्हता. या अभ्यासक्रमांची रचना मला मनापासून आवडते: व्याख्याने पाहायला पैसे पडत नाहीत, दर आठवड्याला ठरलेल्या तारखेपर्यंत स्वाध्याय द्यावा लागतो, आणि प्रमाणपत्र हवे असेल तरच 1,000 रुपये भरून केंद्रावर प्रत्यक्ष जाऊन परीक्षा द्यावी लागते. अंतिम गुणांत स्वाध्यायांचा वाटा 25 टक्के आणि परीक्षेचा 75 टक्के असतो. म्हणजे व्याख्यान देणारे प्राध्यापक दूर चेन्नईत किंवा कानपुरात असले तरी तारीख आणि परीक्षक हे दोघे मागे लागलेले असतात. या दोन गोष्टींचे महत्त्व मला अभ्यासिकेत बसल्यावर अधिक कळले.

आधी व्यवहाराचे बोलू. अभ्यासिका सकाळी सहा ते रात्री अकरा उघडी असते. राखीव खुर्चीचे महिन्याला 1,100 रुपये, अर्ध्या दिवसाचे 700 रुपये, आणि लॉकर हवे असेल तर 100 रुपये वेगळे. अनामत 500 रुपये घेतात आणि ती परत देतात. मला ती पहिल्याच मागणीत मिळाली. कप्पा रुंदीला पुरेसा आहे, लॅपटॉप आणि उघडी वही शेजारी शेजारी मावतात, आणि दिव्याचा प्रकाश डोळ्यांवर येत नाही. खुर्चीला पाठीचा आधार चांगला आहे. ज्या ठिकाणी लोक दहा-दहा तास बसतात तिथे ही साधी गोष्ट नव्हे, आणि कितीतरी ठिकाणी अजून प्लास्टिकच्या खुर्च्या आहेत. फलकावरचे ‘फुल एसी’ मात्र एप्रिल ते जून या काळात, दुपारी बारा ते सहापर्यंतच खरे असते. इतर वेळी कूलर चालतो. नागपुरात मे महिन्यात पारा 45 अंशांच्या आसपास असताना कूलरविषयी तक्रार करणे कृतघ्नपणाचे ठरेल, पण त्याच्या समोरच्या रांगेत वहीची पाने दमट होतात आणि त्यांवर पेनाची शाई फुटते, तेव्हा जागा निवडताना खिडकीपासूनची तिसरी किंवा चौथी रांग मागून घ्यावी. पिण्याचे पाणी थंड आणि स्वच्छ असते. स्वच्छतागृहे दोन आहेत, मुलींचे वेगळे आहे आणि ते दिवसातून दोनदा धुतात. डबा खायला जिन्याजवळ एक अरुंद बाकडे आहे; तिथे बसण्यापेक्षा बहुतेक मुले खाली जाऊन तर्री-पोहे खाऊन येतात, आणि त्यात काही वावगे नाही.

वायफायचे काम बरे आहे, उत्तम नाही. एका सभासदाला दोन उपकरणे जोडता येतात, दुपारी वेग चांगला असतो, पण संध्याकाळी सात ते नऊ या वेळात, जेव्हा मोठ्या शिकवण्यांच्या ‘लाइव्ह बॅच’ एकाच वेळी सुरू होतात, तेव्हा चित्र अडखळते आणि खोलीत दबक्या सुस्काऱ्यांची एक लाट फिरते. संचालकांनी वायफायवर छोट्या व्हिडिओंची संकेतस्थळे बंद केली आहेत आणि ही गोष्ट ते प्रवेशाच्या वेळी अभिमानाने सांगतात. हेतू चांगला आहे, परिणाम फारसा नाही. 2016 च्या सप्टेंबरात जिओ आल्यानंतर देशात इंटरनेटचा भाव कोसळला आणि रोज दीड-दोन जीबी डेटा हा विद्यार्थ्याच्या रिचार्जचा नेहमीचा भाग होऊन बसला. वायफायवर जे बंद आहे ते त्याच फोनवर, त्याच कप्प्यात, बोटाच्या एका हालचालीने उघडते. माझ्या शेजारच्या कप्प्यातला मुलगा त्यापेक्षा शहाणा होता. तो फोन खाली लॉकरमध्ये ठेवून यायचा आणि लॅपटॉपवर आधी उतरवून ठेवलेली व्याख्यानेच पाहायचा. ती शिस्त त्याची स्वतःची होती. फलकावर तिचा उल्लेख नव्हता.

याच मुलाकडून मला पाहायला मिळालेली एक गोष्ट सविस्तर सांगते, कारण ती माझ्या विषयातली आहे. प्रक्षेप्य गतीवरचे, म्हणजे फेकलेल्या वस्तूच्या गतीवरचे, एक ध्वनिचित्रित व्याख्यान तो दुप्पट वेगाने पाहत होता. शिक्षकांचा आवाज किनरा झाला होता, फळ्यावरचा हात धावत होता आणि हा मात्र सावकाश, चार रंगांच्या पेनांनी, फळ्यावरची प्रत्येक आकृती वहीत उतरवत होता. वेगाविषयी माझ्या मनात जुना संशय होता, पण तो पुराव्यावर फारसा टिकत नाही. लॉस एंजेलिस येथील कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या संशोधकांनी 2021 मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत दुप्पट वेगापर्यंत व्याख्यान पाहणाऱ्यांच्या आकलनात फारसा फरक पडला नव्हता. त्यापुढे मात्र पडला. तेव्हा वेगाला दोष देण्यात अर्थ नाही. अडचण दुसरीकडे होती. वहीतले उदाहरण सोडवून दाखव असे मी म्हटले तेव्हा त्याने ते न अडखळता सोडवले. मग मी चेंडू जमिनीवरून न फेकता गच्चीवरून आडवा फेकला आहे असे सांगितले, आणि तो थांबला. त्याने पेन ठेवले, वही मागे चाळली आणि अगदी प्रामाणिकपणे म्हणाला, “मॅडम, हा टाइप सरांनी पुढच्या लेक्चरमध्ये घेतला आहे.” प्रश्न सोडवला जाताना पाहणे आणि स्वतः सोडवणे यांतील अंतर त्याच्या सुंदर वहीत कुठेच दिसत नव्हते. सेंट लुईच्या वॉशिंग्टन विद्यापीठातील रोडिगर आणि कार्पिकी यांनी 2006 मध्ये हेच नेमकेपणाने मोजले होते: उतारा पुन्हा पुन्हा वाचणारे विद्यार्थी पाच मिनिटांनी घेतलेल्या परीक्षेत पुढे होते, पण आठवड्याने घेतलेल्या परीक्षेत ज्यांनी मध्यंतरी न पाहता आठवून लिहिण्याचा सराव केला होता ते पुढे गेले. आपल्याकडे पाढे पाठ म्हणून घेणाऱ्या गुरुजींना हे प्रयोगशाळेविना ठाऊक होते, पण दुप्पट वेगाने पाहून ‘झाले’ अशी खूण करण्याची सोय त्यांच्या काळात नव्हती.

व्याख्यानांविषयी माझी तक्रार नाही, हे येथे स्पष्ट करायला हवे. मराठी माध्यमातून दहावी झालेला मुलगा अकरावी विज्ञानाला येतो तेव्हा एका उन्हाळ्यात त्याचे सगळे शास्त्र इंग्रजीत जाते, आणि पहिले सहा महिने त्याला भौतिकशास्त्र अवघड वाटते की भाषा, हे त्याचे त्यालाही सांगता येत नाही. अशा मुलासाठी यूट्यूबवर मराठीत, मधूनमधून इंग्रजी संज्ञा पेरत, शांतपणे शिकवणारे जे शिक्षक आज आहेत त्यांनी फार मोठे काम केले आहे. कोलोरॅडो विद्यापीठाच्या ‘फेट’ प्रकल्पातील संगणकी प्रतिरूपे (सिम्युलेशन) मराठीत फुकट उपलब्ध आहेत. त्यांत तोफेचा कोन बदलून गोळा कुठे पडतो ते मुलगा स्वतः पाहू शकतो. बालभारतीच्या पाठ्यपुस्तकांतील क्यूआर कोड ‘दीक्षा’ या सरकारी शैक्षणिक मंचावरील साहित्याकडे नेतात. भामरागड किंवा धारणीसारख्या दुर्गम भागातल्या मुलाला आज जे शिकवणे मिळू शकते ते माझ्या पिढीला नागपूरच्या धरमपेठेत राहूनही मिळाले नव्हते. शिकवणे मिळवण्याचा प्रश्न बराचसा सुटला आहे, आणि तरीही नागपुरात लोक नुसत्या खुर्चीसाठी महिन्याला 1,100 रुपये मोजतात. ते का, याचे उत्तर हार्वर्ड आणि एमआयटीच्या ऑनलाइन अभ्यासक्रमांच्या आकडेवारीत सापडते. त्या अभ्यासक्रमांची सहा वर्षांची नोंद तपासून 2019 मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात जो लेख आला त्यानुसार 2017-18 या वर्षात नाव नोंदवणाऱ्यांपैकी केवळ 3 टक्क्यांच्या आसपास लोकांनी अभ्यासक्रम पूर्ण केला होता. जगातील उत्तम विद्यापीठांचे शिकवणे घरी येऊनही माणूस ते शेवटपर्यंत घेत नाही, कारण घरी त्याला धरून बसवणारे काही नसते. अभ्यासिका नेमके तेच विकते. आजूबाजूला तीस माना खाली झुकलेल्या असल्या की आपली मान वर करायला संकोच वाटतो, आणि माझा बारा आठवड्यांचा अभ्यासक्रम पूर्ण होण्याचे बरेचसे श्रेय मी त्या संकोचाला देते.

बसवण्याच्या या धंद्यात संचालकांनी एक गोष्ट मात्र वाजवीपेक्षा पुढे नेली आहे. दारावर अंगठ्याचे यंत्र आहे आणि पालकांनी मागितल्यास मुलाच्या येण्याजाण्याच्या वेळा त्यांच्या व्हॉट्सॲपवर जातात. सतरा वर्षांच्या मुलाच्या बाबतीत आईबापांची काळजी मी समजू शकते. सव्वीस वर्षांच्या, लग्नाला आलेल्या उमेदवाराच्या गावी असलेल्या वडिलांना ‘आज 9 तास 12 मिनिटे’ असा संदेश जाणे मला पटत नाही. त्यातून अभ्यास वाढत नाही, बसणे वाढते. एक मुलगी रोज रात्री पावणेअकरापर्यंत केवळ आकडा भरण्यासाठी थांबायची आणि शेवटचा तासभर चार्जिंगच्या वायरीशी खेळत बसायची. अंगठ्याच्या ठशांचे पुढे काय होते, सभासदत्व संपल्यावर ते पुसतात का, असे मी विचारले तेव्हा संचालकांनी “मशीनवाल्यालाच माहीत, मॅडम,” असे सांगितले. हे उत्तर पुरेसे नाही. ज्यांना ठसा द्यायचा नाही त्यांच्यासाठी वहीत सही करण्याची सोय असावी, आणि पालकांना संदेश पाठवण्याआधी सज्ञान सभासदाची लेखी संमती घ्यावी.

खालच्या झेरॉक्सच्या दुकानाविषयी दोन वाक्ये पुरेत. टेलिग्रामवरून उतरवलेल्या, कोणाच्या तरी सशुल्क शिकवणीच्या टिपणांचे गठ्ठे तिथे दिवसभर छापले जातात, पानापानांवर मूळ संस्थेचे पुसट नाव तसेच राहते, आणि ती चोरी आहे असे तिथे कोणाला वाटत नाही. त्यातला बराचसा कागद पुढे वाचलाही जात नाही, हे लॉकरांच्या वर साचलेल्या ढिगांवरून दिसते.

आता या अभ्यासिकेतील सर्वांत चांगल्या गोष्टीकडे येते, जिची जाहिरात फलकावर नाही. दर रविवारी सकाळी आठ ते अकरा, मागच्या बाजूला असलेल्या एका लांब टेबलावर, स्पर्धा परीक्षेच्या उमेदवारांची लिहिलेली उत्तरे तपासली जातात. तपासणाऱ्या ताई स्वतः राज्यसेवेच्या मुलाखतीपर्यंत गेलेल्या आहेत, आता एका सरकारी कार्यालयात नोकरी करतात, आणि एका उत्तराचे 20 रुपये घेतात. ही सोय निर्माण होण्यामागे राज्य लोकसेवा आयोगाचा निर्णय आहे. मुख्य परीक्षा वर्णनात्मक करण्याची घोषणा आयोगाने 2022 मध्ये केली, पुण्यात उमेदवारांची मोठी आंदोलने झाली, आणि 2023 च्या फेब्रुवारीत ती पद्धत 2025 पासून लागू करायचे ठरले. आता मुख्य परीक्षेत नऊ प्रश्नपत्रिका आहेत; मराठी आणि इंग्रजीच्या दोन केवळ पात्रतेसाठी, आणि उरलेल्या सात, निबंध, सामान्य अध्ययनाच्या चार व वैकल्पिक विषयाच्या दोन, मिळून 1,750 गुणांच्या. ज्यांनी वर्षानुवर्षे चार पर्यायांतून एक निवडण्याचा सराव केला, ज्यांच्या फोनवर प्रश्नसंचांची पाच-पाच ॲप होती, त्यांच्यासमोर एकाएकी कोरे पान आले. पर्याय यंत्र तपासते. कोऱ्या पानावर लिहिलेले वाचायला माणूस लागतो, आणि व्हिडिओ कितीही पाहिले तरी तो माणूस त्यांतून बाहेर येत नाही.

यंत्र तेही करू शकते, असे मुलांचे म्हणणे होते, आणि ते सरसकट खोटे नाही. चॅटजीपीटी 30 नोव्हेंबर 2022 रोजी आले आणि त्यानंतर अशा संवादयंत्रांची रीघ लागली. आता मुले उत्तराचा फोटो काढून यंत्राला देतात आणि अर्ध्या मिनिटात ‘प्रस्तावना सुधारा, उपशीर्षके द्या, समारोपात पुढील दिशा सुचवा’ असा अभिप्राय मिळवतात. रात्री अकरा वाजता, कोणाला न लाजता, दहा वेळा विचारता येते हा त्याचा मोठा गुण आहे, आणि लाजऱ्या विद्यार्थ्यासाठी तो किती मोठा आहे हे मी वर्गात रोज पाहते. पण एका रविवारी टेबलावर जे घडले त्यावरून त्याची मर्यादाही कळली. प्रश्न विदर्भाच्या अनुशेषाचा, म्हणजे विकासात मागे राहिलेल्या कामांचा, होता. एका मुलाने आणलेले उत्तर भाषेच्या दृष्टीने निर्दोष होते, परिच्छेद एकमेकांत गुंफलेले होते, आणि त्यात विदर्भाच्या महाराष्ट्रातील समावेशाविषयीचा नागपूर करार 1956 मध्ये झाला असे लिहिले होते. ताईंनी लाल पेनाने त्या आकड्याभोवती गोल केला आणि हा कुठून आणलास, एवढेच विचारले. मसुदा यंत्राचा होता. करार 28 सप्टेंबर 1953 चा. 1956 हे सातव्या घटनादुरुस्तीचे वर्ष, ज्या दुरुस्तीने अनुच्छेद 371 मध्ये विदर्भ, मराठवाडा आणि उर्वरित महाराष्ट्रासाठी विकास मंडळांची तरतूद आली. दोन खऱ्या गोष्टी एकमेकींत मिसळून यंत्राने एक खोटी गोष्ट अतिशय ठाम स्वरात लिहिली होती.

त्यानंतर ताईंनी जे केले ते मला अधिक महत्त्वाचे वाटले. तारीख दुरुस्त करून त्या थांबल्या नाहीत. 1953 च्या करारात नागपुरात अधिवेशन भरवण्याचे कलम का घातले गेले असेल, मंडळे प्रत्यक्षात यायला 1994 का उजाडले, 2020 च्या एप्रिलअखेरीस त्यांची मुदत संपली त्याचे काय परिणाम झाले, आणि 1983 मध्ये नेमलेल्या दांडेकर समितीने अनुशेष मोजायचा कसा हे ठरवले नसते तर वादाचे स्वरूप काय राहिले असते, असे एकामागून एक प्रश्न त्यांनी त्या मुलालाच विचारले. दोन त्याला आले, दोन आले नाहीत. टेबलाभोवतीच्या बाकीच्या पाच-सहा जणांनी आपापल्या वह्यांत काहीतरी लिहून घेतले. व्हिडिओ पाहताना मी त्यांच्यापैकी एकालाही कधी स्वतःहून, कोणी फळ्यावर न लिहिता, टिपण काढताना पाहिले नव्हते. पुढच्या रविवारी त्या मुलाने तेच उत्तर पुन्हा, हाताने, लिहून आणले. भाषा पहिल्याइतकी गुळगुळीत नव्हती, एक वाक्य तर अर्धवटच होते, पण ताईंनी त्याला आधीपेक्षा दोन गुण जास्त दिले आणि कारण समासात लिहून दिले.

विज्ञानाच्या मुलांसाठी असे टेबल नाही, ही या अभ्यासिकेची मोठी उणीव आहे. त्यांच्या परीक्षा वस्तुनिष्ठ असल्यामुळे त्यांना तपासणीची गरज नाही असा समज आहे. अभियांत्रिकी व औषधनिर्माणशास्त्राच्या प्रवेशासाठीची राज्याची एमएचटी-सीईटी 2019 पासून संगणकावर होते. गणित घेणाऱ्यांना 150 प्रश्न, 200 गुण आणि चुकीच्या उत्तराला दंड नाही. वैद्यकीय प्रवेशाची, नीटची, 2025 ची परीक्षा कागदावरच झाली, 180 प्रश्नांची आणि 720 गुणांची, आणि तिथे चुकीला एक गुण कापला जातो. दोन्हींच्या सराव परीक्षा फोनवर मुबलक मिळतात आणि संपताक्षणी गुण, क्रमांक, कुठल्या प्रकरणात किती चुका, सगळे रंगीत आलेखांसह दिसते. मुलगा क्रमांक पाहतो, स्क्रीनशॉट ग्रुपवर टाकतो आणि पुढची परीक्षा सुरू करतो. चूक कुठे झाली हे ॲप सांगते. त्याने घर्षणाची दिशा गृहीतच धरली होती म्हणून झाली, हे त्याचे कच्चे काम पाहिल्याशिवाय कोणालाही सांगता येणार नाही, आणि कच्चे काम तर आता बहुतेक जण पुसता येणाऱ्या पाटीवर करून पुसून टाकतात. संचालकांच्या विनंतीवरून मी काही शनिवारी संध्याकाळी तासभर त्या टेबलाशी बसले. नोकरीच्या नियमांमुळे मोबदला घेणे मला शक्य नव्हते आणि घ्यायचाही नव्हता. सुरुवातीला मुले फोनवरचा प्रश्न पुढे करून उत्तर मागायची. तुझी वही आण, असे म्हटल्यावर निम्मी परत येत नसत. जी येत त्यांच्या शंका पाहून मला माझ्याच वर्गाची लाज वाटली असे नाही, पण जून महिन्यात वर्ग सुरू झाल्यावर आठवड्यातला एक तास फळ्याकडे पाठ करून केवळ वह्या पाहण्यासाठी ठेवायचा, हे मात्र तिथेच ठरले. व्याख्यान त्यांना माझ्याहून चांगले कोणाकडून तरी मिळते आहे, तर त्यावर वर्गाचा सगळा वेळ घालवण्याचे कारण उरत नाही.

सुरक्षिततेविषयी लिहिले नाही तर हे परीक्षण अपुरे राहील. अभ्यासिका दुसऱ्या मजल्यावर आहे, जिना एकच आहे आणि तो रुंदीला दोन माणसांपुरता आहे. मागच्या बाजूचे दार आहे, पण त्याच्यासमोर दोन लॉकर ठेवलेले आहेत. 2019 च्या मे महिन्यात सुरतेत शिकवणीच्या इमारतीला लागलेल्या आगीत 22 जीव गेले, आणि 27 जुलै 2024 रोजी दिल्लीच्या जुन्या राजेंद्रनगरमध्ये तळघरातील अभ्यासिकेत पाणी शिरून तीन विद्यार्थी दगावले. त्यानंतर तरी बाहेर पडण्याच्या दुसऱ्या वाटेवर लॉकर असू नयेत. अग्निशामक नळकांडी दोन आहेत आणि त्यांवरची तारीख चालू वर्षाची आहे, एवढे समाधान. मी लॉकरांबद्दल दोनदा बोलले, “हलवतो” असे उत्तर मिळाले, आणि मी जागा सोडली तेव्हा ते तिथेच होते. जागा घेणाऱ्यांनी पैसे भरण्याआधी ते दार उघडून दाखवायला सांगावे.

ही अभ्यासिका कोणासाठी योग्य आहे, असे विचाराल तर ज्याचा अभ्यासक्रम ठरलेला आहे, साहित्य हाताशी आहे आणि घरी जागा नाही अशा कोणासाठीही ती पैशांच्या मानाने चांगली आहे. ज्याला अजून कुठून सुरुवात करायची हेच कळलेले नाही त्याने केवळ वायफाय पाहून येथे येऊ नये. तो आठवडाभर चांगल्या शिक्षकांच्या याद्या पाहत बसेल आणि अंगठ्याच्या यंत्रावर त्याचे तास मात्र भरत राहतील. मुलींना रात्री साडेनऊनंतर परतायचे असेल तर गल्लीतले दिवे भरवशाचे नाहीत, तेव्हा सोबत पाहूनच थांबावे.

मी जागा सोडताना संचालकांनी पुढच्या बदलांची योजना सांगितली. मागचे लांब टेबल काढले तर तिथे सहा राखीव खुर्च्या बसतात, म्हणजे महिन्याला 6,600 रुपये, आणि रविवारच्या तीन तासांतून त्यांना स्वतःला काहीच मिळत नाही. हिशेब म्हणून ते बरोबर आहे. त्यावर मी त्यांना एवढेच सुचवले की तपासणीचे शुल्क वाढवून त्यातला काही भाग अभ्यासिकेने घ्यावा, ताईंना त्यांचे 20 रुपये तसेच द्यावेत, आणि शनिवारी विज्ञानासाठी माझ्यासारखे आणखी कोणी शोधावे. वह्या तपासता येणारे निवृत्त शिक्षक या भागात कमी नाहीत. ते विचार करतो म्हणाले आहेत. टेबल राहिले तर जुलैत सुरू होणाऱ्या सत्रासाठी मी पुन्हा अर्ध्या दिवसाचे पैसे भरणार आहे. न राहिल्यास माझ्या घराजवळच 600 रुपयांत अशीच खुर्ची मिळते, आणि तिथले वायफाय संध्याकाळीही अडखळत नाही.